पहिली दुर्बीण: साखऱ्याहून काही टिपणं

पुण्या-मुंबईच्या माणसाला दुर्बीण घेताना आकाशाचाही खर्च धरावा लागतो. गाडी काढायची, घाट ओलांडायचा, दिव्यांचा उजेड मागे टाकत अंधार शोधत जायचं, आणि पहाटे परत यायचं. साखऱ्याला तो खर्च नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं हे गाव. घरं संपली की शिवार सुरू होतं आणि अमावास्येच्या आसपास शिवारातून आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. रब्बीत रात्रपाळीच्या लायटीवर गव्हाला पाणी देणारा माणूस ती रोज पाहतो. म्हणजे दुर्बिणीतला सगळ्यात महाग भाग आपल्याला आधीच मिळालेला आहे. आता काय घ्यायचं ते या आकाशाला साजेसं घ्यावं, एवढाच प्रश्न उरतो.

*

खोक्यावर ५२५X छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून ते बघा. नळीचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, सोबत दिलेल्या बारीक आयपीसचं, म्हणजे डोळ्याशी धरायच्या भिंगाचं, ४ मिलिमीटर. सातशेला चारने भागलं की १७५. त्यात तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की ५२५. गणित बरोबर आहे, पण दिसत काही नाही. दुर्बिणीच्या तोंडाशी असलेल्या भिंगाचा किंवा तळाशी असलेल्या आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याची दुप्पट करा. उपयोगी पडणारी फुगवण साधारण तिथपर्यंतच. ७० मिलिमीटरला १४०, १५० मिलिमीटरला ३००, तेही हवा अगदी शांत असेल त्या रात्री. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक आणि फिसकटलेलं.

म्हणून ‘किती पट?’ हा प्रश्न दुकानात विचारूच नये. व्यास किती, हे विचारावं. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग तिच्या शंभरपट प्रकाश गोळा करतं, १५० मिलिमीटरचा आरसा साडेचारशेपट. दूरच्या तेजोमेघांचा आणि दीर्घिकांचा उजेड मुळात कमी असतो. तो साठवायचं काम व्यासाचं.

*

“सर, चंद्रावरचा झेंडा दिसतो का यातून?” मुलं हे हमखास विचारतात आणि प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी लोणार घ्यावं. आमच्या जवळच्या बुलढाणा जिल्ह्यातलं ते आघाती विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आहे. सहलीला गेलेल्या प्रत्येक पोराने ते पाहिलेलं असतं आणि काठावरून खाली उतरायला किती वेळ लागतो तेही त्याला माहीत असतं. हेच लोणार उचलून चंद्रावर ठेवलं, तर इथून ते किती मोठं दिसेल? जवळपास एक विकला. म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला ते दिसणार नाही. १५० मिलिमीटरची दुर्बीण, शांत हवा, बाजूने पडणारं ऊन, असं सगळं जुळून आलं तर एक ठिपका जेमतेम जाणवेल. अख्खं लोणार जिथे ठिपका होतं, तिथे हातभर झेंड्याचं काय होणार ते मुलं स्वतःच सांगतात. मग त्यांना कोपर्निकस दाखवावं. त्याचा व्यास ९३ किलोमीटर, आत डोंगर, कडेला पायऱ्या पायऱ्यांच्या भिंती. लोणार पाहिलेल्या मुलाला त्या ९३ चा अर्थ लगेच कळतो.

*

चंद्र कधी बघायचा? पौर्णिमेला तर नाहीच. त्या दिवशी ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, विवरं पुसल्यासारखी होतात. शुद्ध षष्ठी ते दशमी हे खरे दिवस. उजेड आणि अंधार यांची जी सीमारेषा चंद्रावर असते, तिच्या कडेने बघत जावं.

*

माझं ठाम मत: पहिली दुर्बीण दोन डोळ्यांची घ्यावी. १०×५० लिहिलेली. त्यातला दहा म्हणजे पट, पन्नास म्हणजे भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. शेतात बाज टाकायची, उताणं पडायचं, कोपर छातीला टेकवून बघायचं. उभं राहून पाहिलं तर हात कापतो आणि तारे नाचतात.

काही गोष्टी तर द्विनेत्रीतूनच नीट दिसतात. कृत्तिकांचा पुंजका आकाशात जवळपास दोन अंश पसरलेला आहे. सहा इंची दुर्बिणीत साध्या आयपीसने एकावेळी सुमारे एक अंश आकाश मावतं, त्यामुळे कृत्तिकांचा एखादा तुकडाच हाती लागतो. द्विनेत्रीत सगळा पुंजका मोकळ्या जागेत बसतो, निळसर पांढरा. देवयानीतली दीर्घिका त्याहून लांबट. तिचा उजेड निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली. साखऱ्याच्या शिवारातून ती कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसते आणि द्विनेत्रीत दोन्ही बाजूंना लांबत जाते. पुष्यातला ताऱ्यांचा गुच्छ, मृगातल्या तीन ताऱ्यांच्या खालचा तेजोमेघ, भिंतीला टेकून पाहिलं तर गुरूचे चार चंद्र. गॅलिलिओने ते पहिल्यांदा ७ जानेवारी १६१० रोजी टिपायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या नळीची फुगवण वीसपटीच्या आसपास होती आणि काच आजच्यापेक्षा कितीतरी वाईट.

आणखी एक कारण. वर्षभर द्विनेत्री वापरलेल्या माणसाला रोहिणी कुठे, मघा कुठे, ज्येष्ठा कधी उगवते हे पाठ होतं. पुढे मोठी दुर्बीण आली की ती कुठे वळवायची हे त्याला विचारावं लागत नाही.

*

नळीपेक्षा पाय महत्त्वाचे. स्वस्त दुर्बिणी इथे मार खातात. काटकुळा ट्रायपॉड, प्लॅस्टिकचा सांधा. शंभर पट फुगवणीत शनी आणला की फोकसच्या चाकाला बोट लागताच तो थरथरतो, थांबेपर्यंत पृथ्वीच्या फिरण्याने चित्राबाहेर जातो. मूल कंटाळतं आणि म्हणतं, “काही दिसत नाही.” त्याचं खरंच आहे.

विषुववृत्तीय मांडणी, म्हणजे वजनाचा गोळा लटकवलेला तिरका सांधा, फोटोत फार शास्त्रीय दिसते. ती ध्रुवताऱ्याकडे रोखावी लागते. साखरा सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून आपला ध्रुव क्षितिजापासून २० अंशांवर: हात लांब करून पंजा पसरला तर एक वीतभर वर. ही मांडणी बहुधा ३५ ते ५५ अंशांवरच्या देशांचा विचार करून बनवलेली असते. २० अंशांवर आणली की अक्ष फार आडवा होतो आणि काही मांडण्यांत वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला अडते. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, एवढंच फिरणारी साधी मांडणी घ्यावी.

*

ती साधी मांडणी लोकांपर्यंत नेणारा जॉन डॉब्सन (१९१५–२०१४). जन्म बीजिंगचा, आयुष्य सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात तो १९४४ पासून संन्यासी होता. मठात राहूनच टाकाऊ जाड काचांचे आरसे घासायचा, पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचा आणि रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवायचा. १९६७ साली मठ सुटला, आणि १९६८ साली त्याच्या आणि सोबत्यांच्या फुटपाथवरच्या खगोलमंडळाने आकार घेतला. त्याने काढलेली मांडणी म्हणजे लाकडी पेटी, खाली फिरणारा पाट, कानांवर टेकलेली नळी. घर्षणाच्या जागी टेफ्लॉनचे तुकडे आणि फॉर्मायका. हात लावला की फिरते, सोडली की तिथेच थांबते. मोटर नाही, बॅटरी नाही, भारनियमनाशी देणंघेणं नाही. अशी पेटी कोणताही सुतार करील, आणि पेटी ढिली झाली तर दुरुस्तही तोच करील.

द्विनेत्रीनंतर काय, याचं उत्तर म्हणून हीच. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरची, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. २५ चं आयपीस ४८ पट देतं, १० चं १२० पट. ही दोन आयपीस वर्षानुवर्षं पुरतात. किंमत पाच आकडी आहे, एका घराला जड जाते. चार घरांनी मिळून घेतली तर जाणार नाही. चार घरांत चार ५२५X ची खोकी येण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

*

आरसा घासणं. ज्याला हात चालवायला आवडतं त्याने दुर्बीण विकत घेण्याआधी याचा विचार करावा. पुण्याच्या आयुकाने शिक्षकांसाठी आणि हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. १९४४ साली स्थापन झालेली हौशी खगोलप्रेमींची ज्योतिर्विद्या परिसंस्थाही पुण्यातलीच.

सहा इंचाच्या दोन जाड काचेच्या चकत्या घ्यायच्या. एक खाली पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी, वर दुसरी चकती. वरची पुढे-मागे घासायची, थोडी फिरवायची, स्वतःही भोवती सरकत राहायचं. एवढंच करत गेलं की वरची काच मधोमध खोल होते आणि खालची फुगीर. वरची काच पुढे सरकते तेव्हा तिचा मधला भाग खालच्या काचेच्या कडेवर दाबला जातो. म्हणून मध्य झिजतो, खालच्याची कड झिजते, आणि हात सगळ्या दिशांनी फिरत राहिल्यामुळे दोन्हींची गोलाई आपोआप जुळते. कुठलंही यंत्र नाही. नाभीय अंतर १२०० ठेवायचं तर मधला खड्डा किती हवा? जेमतेम सव्वा मिलिमीटर. ते पोस्टकार्ड आडवं धरून बघितल्याशिवाय कळतही नाही.

मग पूड बारीक, आणखी बारीक. शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइड लावून चकाकी आणायची. तपासणी फूकोच्या पद्धतीने. लेऑं फूकोने ती १८५० च्या दशकाच्या अखेरीस काढली. एका बारीक छिद्रातून आलेला उजेड आरशावरून परत येतो, जिथे तो एकवटतो तिथे ब्लेडची धार सरकवायची, आणि आरशावर पडणारी सावली वाचायची. उंचवटा कुठे, खळगा कुठे हे डोळ्याला दिसतं, आणि ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके सूक्ष्म असतात. ब्लेड, दिवा आणि अंधारी खोली यांवर इतकी अचूक मोजणी होते, हे मला विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. आठवी-नववीच्या मुलांना हे हाताने करायला मिळालं पाहिजे. शेवटचा ॲल्युमिनियमचा थर मात्र निर्वात पेटीतच द्यावा लागतो, तो घरी होत नाही.

*

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाची वेधशाळाही एका हौशी माणसाच्या खरेदीतून निघाली. हैदराबादचे अमीर नवाब जफर जंग यांनी १५ इंची ग्रब दुर्बीण विलायतेतून आणली आणि १९०१ साली वेधशाळा उभी केली. १९०८ साली ती सरकारने चालवायला घेतली, तीच निजामिया वेधशाळा. साऱ्या आकाशाची छायाचित्रं घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचं एक जागतिक काम त्या काळी चालू होतं. त्यातला आकाशाच्या दक्षिण गोलार्धातला, उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा या वेधशाळेच्या वाट्याला आला होता.

*

२२ जानेवारी १८९८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि ईशान्येकडे निघाली. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांची तुकडी होती. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला होते. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. वर्धा नदीकडे पुलगावला न्यूअल. नायगमवालांची पुण्यातली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १८८८ ची, तिथली २० इंची आरशाची दुर्बीण तेव्हा भारतातली सगळ्यात मोठी. १९१२ नंतर ती कोडाईकनालला गेली.

नकाशावर जेऊर आणि पुलगाव यांना रेषेने जोडा. ती हिंगोलीच्या अगदी जवळून जाते. म्हणजे त्या दुपारी आमच्या शिवारातही दीड-दोन मिनिटं अंधारलं असणार, तारे दिसले असणार, पाखरं घरट्यांकडे वळली असणार. शास्त्रज्ञ अलीकडे होते, पलीकडे होते, इथे कुणी नव्हतं. या जिल्ह्यातल्या मुलांना ही तारीख शाळेत सांगितली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

(हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हेलियमची पिवळी रेषा १८६८ च्या वेधांत दिसली. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ती ग्रहणाशिवाय, तिथूनच पाहिली. विजयदुर्गावर ते तीस वर्षांनी आले. किल्ल्याचा मान तेवढ्याने कमी होत नाही.)

*

“लायगोतून तारे दिसतील का?” हाही नेहमीचा प्रश्न. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय. तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६, पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३, खर्च २६०० कोटी. तिला डोळा नाही. काटकोनातले दोन चार-चार किलोमीटरचे बाहू, त्यांतून लेझर, आणि कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जो हिसका बसतो त्याने त्या बाहूंच्या लांबीत पडणारा फरक, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. जागा निवडताना जमिनीची शांतता फार महत्त्वाची होती. आपल्या जमिनीची शांतता जगाने हेरली. आकाशाचा अंधार आपणच हेरायचा आहे. नवे एलईडी दिवे खांबावर बसवताना त्यांना वरून झाकण असलं आणि उजेड खालीच पडला, तर रस्ताही नीट दिसेल आणि आकाशही राहील. ग्रामसभेत हे मांडण्यासारखं आहे.

*

दुर्बीण स्लॅबवर लावू नये. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडतो आणि ग्रहांचं चित्र उकळल्यासारखं हलतं. कुणी चाललं तरी हादरा बसतो. खळं किंवा पडीक तुकडा बरा. नळी अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवावी म्हणजे आरसा हवेइतका थंड होतो. पायात बूट हवेतच, विंचू-काट्याचं भान हवं; टॉर्चला लाल जिलेटिन. माघ-फाल्गुनात हळद शिजायला लागली की चुलाणांचा धूर खालच्या आकाशात साचतो, त्या दिवसांत डोक्यावरचं बघावं. पावसाळ्यात दुर्बीण काढायची नाही, पण बंद पेटीत विसरायचीही नाही. भिंगावर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, उघडीप मिळाली की वारा द्यावा. आरसा धुळीने मळला तरी फडक्याने पुसू नये. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, ओरखड्याने बिघडतं.

*

सूर्य. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं तर डोळा क्षणात जातो, आणि जाताना दुखतही नाही. काही स्वस्त संचांत आयपीसला लावायची काळी काच येते. ती फेकून द्यावी. तिथे उष्णता एकवटलेली असते, काच बघता बघता तडकते. गाळणी लावायची तर नळीच्या तोंडाशी, त्यासाठीच बनवलेली. मुलं आहेत तिथे दिवसा दुर्बीण उघडी सोडून जाऊ नये, फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीलाही टोपण लावावं.

*

शनी दाखवायचा म्हटलं की काही म्हाताऱ्या मागे सरतात. “नको बाबा, त्याची नजर कशाला.” आग्रह करू नये. नातवाने पाहिलं आणि “आजी, खरंच कडं आहे!” म्हणून ओरडला की बहुतेक जणी येतात. कडी दिसायला तीस-चाळीस पट पुरते. मार्च २०२५ मध्ये कड्यांची धार आपल्या बाजूला होती. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेली दिसतील. आता दुर्बीण घेणाऱ्याला हा सगळा प्रवास बघायला मिळेल. शेजारचा टायटन हा त्याचा चंद्रही ओळखून ठेवावा, ७० मिलिमीटरला तो दिसतो.

*

परदेशी पुस्तकांतल्या नवशिक्यांच्या याद्या बहुधा उत्तरेकडच्या देशांसाठी असतात. त्यांत आपलं एक मोठं धन राहून जातं. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ, अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं, तारे कोटीच्या घरात. लंडनहून तो कधीच उगवत नाही. साखऱ्याहून २२-२३ अंश वर चढतो. शोधायला सोपा: वैशाखात, मेच्या मध्यावर रात्री दहा-सव्वादहाला चित्रा बरोबर दक्षिणेला येते. तिथून सरळ खाली, पसरल्या हाताच्या पावणेदोन विती. डोळ्यांना धुरकट तारा, द्विनेत्रीत मऊ गोळा, आणि सहा इंची आरशात शंभरपटीला त्या गोळ्याचे दाणे सुटे होतात. हे एकदा पाहिलं की व्यास म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

*

शाळेला मिळालेली दुर्बीण डेडस्टॉकला चढते आणि कपाटात जाते. फुटली तर भरपाई कोण देणार, या भीतीने ती तिथेच राहते. भीती खोटी नाही, त्यामुळे उपायही कागदावरच करावा लागेल. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करावा, दोन जबाबदार माणसांकडे किल्ली द्यावी, गावातला एक आणि शाळेतला एक. वापरताना झालेली मोडतोड माफ, असं ठरावात लिहावं. दिवस ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते: शुद्ध अष्टमीच्या जवळचा शनिवार चंद्रासाठी, अमावास्येच्या जवळचा शनिवार तेजोमेघांसाठी. मार्गशीर्ष ते वैशाख असे सहा महिने मिळतात. पहिल्या रात्री खुर्ची एक जास्त न्यावी. लहान मुलांना आयपीसपर्यंत पोचायला ती लागते.